काकूचा हात, देवरावचा कप

४ सप्टें., घाटंजी
देवरावच्या वावरातली पऱ्हाटी, कपाशीची झाडं, माना टाकून उभी. काल युरिया दिला होता माझ्या कमलाकाकूनं. आज धुऱ्यावर, वावराच्या बांधावर, चार जणांपुढं तो म्हणाला, "हिचा हातच वाईट. हिले कोणी वावरात घेऊ नका." चौघांनी माना हलवल्या. आमच्या घरानं बुद्धाला शरण जाऊन तीन पिढ्या झाल्या. यांच्या डोक्यातला विटाळ तिथंच.

५ सप्टें.
काकूला खोदून विचारलं. दरवर्षी माप झाडामागं बाटलीच्या एका झाकणाचं. यंदा देवरावनंच चहाचा कप दिला: भरून टाक, झाडं मागं पडली. पावसाची उघडीप, माती कोरडी, अन् बुडाशी कपभर युरिया! परासरण. अकरावीला दरवर्षी घसा फोडून शिकवतो, पाणी पातळ द्रावणाकडून दाट द्रावणाकडे जातं. मुळांनी मातीतलं प्यायचं, तर मातीनंच मुळांतलं ओढलं. त्यात हाताचा काय संबंध?
आज निंदणाच्या टोळीनं काकूला वगळलं. कापूस वेचणीलाही असंच झालं तर...

७ सप्टें.
पारावर बोललो. बटाट्याच्या फोडी दोन वाट्यांत: साधं पाणी, युरियाचं दाट पाणी. एक फोड कडक राहिली, दुसरी लुळी. मी पेटलो होतो. शोषण, अज्ञान, सगळं काढलं. देवराव म्हणाला, "सर, भाजी करून राह्यले का?" अख्खा पार हसला.
घरी काकू: "तुयं भाषण झालं. मले आता काम कोण देईन?"
जेवण गेलं नाही.

१० सप्टें.
हलकट देवराव. विहिरीचं पाणी सोडलं वावरात, दोन दिवस. म्हणजे बटाटा बरोबर समजला होता. खत पातळ झालं, झाडं सावरली. गावात सांगतो काय, ती बाई आली नाही म्हणून पऱ्हाटी उठली.
माझंच विज्ञान, माझ्याच काकूविरुद्ध.

१३ सप्टें.
त्याच्या अंगणात गेलो. भाषण नाही. म्हणालो, वावराच्या ज्या तुकड्यात अजून खतही नाही अन् पाणीही नाही, तिथं दोन ओळी. एकीत काकू, झाकणानं. दुसरीत तुम्ही, त्याच कपानं. गाव पाहील.
"माह्या हातानं कायले?"
"तुमचा हात चांगला आहे ना?"
तो उठून आत गेला.

१४ सप्टें.
सकाळी काकू माझ्याआधी धुऱ्यावर. पदराच्या गाठीत झाकण. गावातले पाच-सहा जण लांब बाभळीखाली, जवळ येईनात. मग देवराव आला, खांद्यावर युरियाची थैली. दुसऱ्या हातात काहीतरी होतं. कप की झाकण, एवढ्या लांबून दिसेना.