लेखी तक्रार

३ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

बाबा तुझ्याकडे गेल्यापासून घर ओकंबोकं वाटतं. बाकी मजेत.

मामांच्या खुर्च्यांच्या कारखान्यात अखेर फळा लागला! ग्राहक, कामगार, दर्जा, विक्री असे चार रकाने; ठीक चाललंय तिथे हिरवा ठिपका, बिघडलंय तिथे लाल. मामा तीन वर्षं टाळत होते. मोजायला बसलं की झाकली मूठ उघडते, म्हणायचे. पण मोठं गिऱ्हाईक फळ्याशिवाय करार करेना, तेव्हा काम माझ्यावर सोपवलं. तेव्हापासून चार महिन्यांत एकही तक्रार नाही! महिनाअखेरीस ते लोक बघायला येतील. बाबांना सांग, तुमचा ढ मुलगा पास झाला.

लोभ आहेच, तो उतू जाऊ दे.
तुझा धाकटा

१४ मार्च

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

रागावू नकोस, पण एकही तक्रार नाही हे खरं नाही. बाबांसोबत पाठवलेली खुर्ची जानेवारीतच डुगडुगायला लागली. मी तुमच्या ऑफिसात दोनदा फोन केला. बाई गोड आवाजात म्हणाल्या, लेखी द्या. भावाच्या कारखान्याला कसला अर्ज लिहायचा, म्हणून पायाखाली पुठ्ठा सारला. परवा तो पाय मोडला आणि बाबांचं मनगटही. त्याला कळवू नको, त्याचा फळा बिघडेल, असं बाबा मला बजावतात. घरी येईल त्याला तुझं पत्र दाखवतात. पुठ्ठा मीच सारला, त्याची लाज वाटते.

माया आहे म्हणून लिहिलं.
तुझी ताई

२२ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

लिहायचं टाळत होतो. लेखी नाही ती तक्रार नाही, हा नियम माझा. फोनवर लोक काहीही बोलतात, असं मीच मामांना पटवलं. खरं म्हणजे लाल ठिपक्याने माझं हसं होईल याची भीती. काल फोनची वही काढली. एक्केचाळीस फोन, त्यात तुझे दोन. बाईंनी प्रत्येक फोन इमानाने टिपला होता. मी वही कधी उघडलीच नाही. शरमेने मेल्यासारखं झालं.

तुझं पत्र लेखी आहे. तेच फळ्यावर डकवून लाल ठिपका लावला. मामांनी ते वाचलं. काढून टाक म्हणतील असं वाटलं, पण त्यांनी एवढंच विचारलं, कोणतं मनगट? डावं की उजवं, तुला विचारायचंही मला सुचलं नव्हतं.

करार राहील की जाईल, ठाऊक नाही. रविवारी येतोय. खुर्चीचा मोडका पाय टाकून देऊ नकोस. बाबांना तोंड दाखवायची हिंमत नाही, तरी कोणतं मनगट ते माझं मला बघू दे.

लोभाला लायक उरलो नाही, तरी ठेव.
तुझा धाकटा