सासूबाईंच्या सवतीचे ड्रम

४ फेब्रुवारी, सकाळी
ठमीला डोस द्यायला येणाऱ्या नर्सबाई म्हणाल्या, छातीत धडधडलं की लिहून काढत जा, बरं वाटतं. माझ्या छातीत काही धडधडत नाही. पण बाई चांगल्या आहेत, त्यांचं मन कशाला मोडा. शाळा सातवीला सुटली, अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. वाचणार कोण? मीच.

तर गाडी. मामंजींची निळी गाडी माझ्या नवऱ्याहून वयानं मोठी आहे. आमचं अंगण उताराचं. वरच्या टोकाला गाडी उभी, तोंड खाली स्वयंपाकघराकडे, फाटक त्याच्याही खाली. ब्रेक लागत नाही म्हणून पुढच्या चाकाला वीट लावलेली. काल वीट सरकली. गाडी वीतभर पुढं आली. मामंजी म्हणाले, काही नाही सूनबाई, जरा आळस दिला तिनं. आणि आमची ठमी आता रांगायला लागली. अख्खं अंगण सोडून रांगत जाते कुठं? त्या विटेकडे.

मी घाबरले नाही. फक्त ठमीला कडेवर घेतलं आणि दिवसभर खाली ठेवलं नाही. भाजी एका हातानं चिरली.
ठरलं. आठ दिवसांत ब्रेक दुरुस्त.

६ फेब्रुवारी
मेकॅनिक येऊन गेला. मागची चाकं काढली. चाकाच्या आत लोखंडाचं पातेलं असतं, त्याला ड्रम म्हणतात. त्याच्या पोटात दोन शू. पाय दाबला की शू पसरतात, पातेल्याला आतून घट्ट धरतात, चाक थांबतं. आमची पातेली आतून झिजलीत आणि वर चिरलीतपण. मेकॅनिक म्हणाला, नवीन मिळायची नाहीत, ती कंपनीच वर गेली. गाडीत माती भरा आणि झाडं लावा.
मामंजी जेवले नाहीत.
विकून टाका म्हटलं तर ते पाणीपण पीत नाहीत. सासूबाई म्हणाल्या, माझी सवत आहे ती, माझ्या आधी घरात आली, माझ्यानंतरच जाईल.
मी म्हटलं, ड्रम मी शोधते. सगळे हसले. हे तर इतके हसले की ठसका लागला. पाणी मीच दिलं.

७ फेब्रुवारी
पार्टच्या दुकानात गेले. ठमी कडेवर. माणसानं विचारलं, मॉडेल कुठलं? मी म्हटलं, निळं. तो म्हणाला, साल? मी म्हटलं, मामंजींच्या लग्नाच्या आधीचं. त्यानं मला स्टूल दिलं, पाणी दिलं आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाशी बोलायला लागला.
पहिल्याच दिवशी इतका मान मिळाला. सुरुवात चांगली आहे.

१० फेब्रुवारी
आज डोकं चालवलं. जुना ड्रम किती जड, ठमीला घेऊन तो कसा न्यायचा? आणि मापाच्या टेपातलं मला कळत नाही. म्हणून स्वयंपाकघरातली सगळी झाकणं आणून ड्रमच्या तोंडात बसवून बघितली. पिठाच्या डब्याचं झाकण टच्च बसलं. झालं माप! शिकलेल्यांना सुचलं असतं का?
उद्या भंगारवाला. सासूबाई विचारतात, पिठाला मुंग्या लागल्या तर कोण बघणार?

११ फेब्रुवारी
भंगारवाल्याकडे दोन कुत्री. मी कुत्र्यांना भीत नाही. बाहेरून हाक मारली इतकंच. तो म्हणाला, ताई आत या, चावत नाहीत. मी म्हटलं, माहीत आहे मला, तुम्हीच बाहेर या. बिचाऱ्यानं एकेक ड्रम उचलून फाटकाशी आणला. मी झाकण लावून बघायची आणि म्हणायची, नको. शेवटी तो घाम पुसत म्हणाला, ताई, ब्रेक पाहिजे का डबा पाहिजे?
आणि मिळाले! दोन ड्रम, दोन्हीत झाकण टच्च. माझं झाकण बघून त्यानं हात जोडले.
हे आता हसणार नाहीत. उद्यापासून ठमी अंगणात.

१२ फेब्रुवारी
ठमी कडेवरच आहे.
मेकॅनिकनं ड्रम हातात घेतला आणि विचारलं, माप कशाचं घेतलं? मी म्हटलं, जुन्या ड्रमचं. तो म्हणाला, बाई, जुना झिजून मोठा झालाय ना आतून. त्या मापाचा आणला म्हणजे झिजल्याइतकाच मोठा आणला. शू पोचणारच नाहीत, आत बसून टाळ्या वाजवतील.
चूक माझी नाही. झिजलेल्या ड्रमनं तसं सांगायला पाहिजे होतं.
झाकणाला कायमचा ग्रीसचा वास लागलाय. पोळ्यांनापण.

१५ फेब्रुवारी
आज शोध बंद. हिंमत खचली म्हणून नाही. धुणं होतं.

१६ फेब्रुवारी
धुणं होतं.

२१ फेब्रुवारी
यांनी मोबाइलवर जुन्या गाड्यांच्या लोकांच्या ग्रुपमध्ये टाकलं होतं. आज एका बाईंचा फोन आला. त्यांच्या मालकांची सेम गाडी शेडमध्ये उभी आहे, आत कोंबड्या अंडी घालतात. मालक वारले. बाई म्हणाल्या, ड्रम न्या, गाडी न्या, कोंबड्या न्या, आणि जमलं तर यांचा भिंतीवरचा फोटोपण न्या, त्यातही ते गाडीला टेकूनच उभे आहेत. मी म्हटलं, फक्त ड्रम. बाई म्हणाल्या, तुला पोर आहे का गं? मी म्हटलं, हो, रांगते. मग बाई म्हणाल्या, उद्याच पाठव नवऱ्याला.
फोन ठेवल्यावर जरा बसले. पाय दुखत होते.

२३ फेब्रुवारी
हे एसटीनं ड्रम घेऊन आले. पोत्यात घालून, मांडीवर. म्हणाले, सगळ्या रस्त्यानं जुळी घेऊन बसल्यासारखं वाटत होतं, पाय मेले माझे. मी म्हटलं, आता कळलं? ते म्हणाले, काय कळलं? जाऊ दे.

२६ फेब्रुवारी, रात्री
बसले! ब्रेक लागला! मामंजींनी अंगणात गाडी चालवली. सासूबाई शेजारी बसलेल्या. थांबा म्हणाल्या आणि गाडी खाडकन थांबली, त्यांचं कपाळ काचेवर. टेंगूळ चोळत म्हणाल्या, इतक्या वर्षांत पहिल्यांदा थांबा म्हटल्यावर थांबला हा माणूस.
मामंजी म्हणाले, रविवारी सगळे फिरायला जाऊ, ठमीला पुढं बसवू.
हे माझ्या प्लॅनमध्ये नव्हतं. मला गाडी थांबायला हवी होती. ती चालणार हे कुणी सांगितलंच नाही.
मी म्हटलं, हो हो, जाऊ की.
संध्याकाळी जाऊन हँडब्रेक ओढला. दोन्ही पाय पुढं टेकवून, कुथून. उगाच, नवीन ड्रमला सवय लागावी म्हणून.

२ मार्च, रविवार
ठमीला सर्दी. रद्द. सर्दी तशी मलाच दिसली, बाकी कुणाला नाही.

९ मार्च, रविवार
ठमीला दात येतोय. दात येताना पोराला हलवू नये. हे मी ऐकलंय. कुणाकडून ते आठवत नाही.
गाडीची सेवा मात्र करते. रोज पाइपनं चाकं धुते, धुऊन झालं की हँडब्रेकचा दांडा कट्ट करून आणखी एक दात वर. मामंजी सगळ्यांना सांगतात, सून असावी तर अशी.

१६ मार्च, रविवार
माझा पाय मुरगळला. डावा.

२३ मार्च, रविवार, सकाळी
उजवा मुरगळणार होता, पण सासूबाईंनी सकाळीच नीट बघून घेतला.
आज जायचं. मी तयार आहे. ठमीला तीन झबली घातलीत, वर स्वेटर, वर यांचा मफलर. हे म्हणाले, पडली तरी चेंडूसारखी उसळेल. मी घाबरत नाही. हात थंड पाण्यात होते म्हणून अक्षर असं येतंय.

२३ मार्च, दुपारी
गाडी हललीच नाही.
मामंजींनी गिअर टाकला, गाडी नुसती कण्हली. हँडब्रेक सोडला, तरी नाही. यांनी मागून ढकलली, शेजारच्या मास्तरांनी ढकलली. मेकॅनिक आला. चाकाला कान लावून म्हणाला, शू ड्रमला चिकटलेत. ओल्या चाकावर हँडब्रेक ओढून ठेवला की गंज धरतो. रोज पाणी कोण मारत होतं?
सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी ठमीकडे बघितलं. ठमी मफलरातून बघत होती.
मग हातोडा. पहिला ड्रम सुटला. दुसरा टण्ण वाजला, पुन्हा टण्ण, मग खट्ट. दोन तुकडे.
मामंजींनी तुकडे उचलून कोपऱ्यात नीट जुळवून ठेवले. जेवायला बसले. सूनबाई, तू पण बस, म्हणाले, आणि माझ्याच ताटात आधी वाढायला लावलं.
एकदा तरी ओरडले असते तर बरं झालं असतं.

३० मार्च, रविवार
आता चारी चाकं काढून ठेवलीत. गाडी लाकडाच्या ठोकळ्यांवर. खाली येणार नाही, पुढं जाणार नाही, आळसपण देणार नाही. म्हणजे काम झालं की! पहिल्या दिवसापासून माझा प्लॅन हाच होता, ब्रेक वगैरे मध्येच आले.
आज ठमीला अंगणात खाली सोडलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. माझी कंबर मोकळी झाली.

३० मार्च, संध्याकाळी
ठमी रांगत गाडीपाशी गेली. दाराला धरून उभी राहिली. हात सोडला. आणि चालली! चालली म्हणजे काय, उताराला लागली. थेट फाटकाकडे. थांबता येत नाही अजून तिला. मी पोळपाट टाकून धावले, फाटकाशी धरली.
आता खरंच धडधडतंय. नर्सबाईंना सांगू नये.
पण डोकं चालवलं. घरात सगळ्यात घट्ट उभी वस्तू कुठली? गाडी. जुन्या साडीचं एक टोक ठमीच्या कमरेला, दुसरं गाडीच्या नंबराच्या पाटीला. पाटी लोखंडाची. दोन गाठी मारल्या, ओढून बघितलं आणि बिनघोर पोळ्या लाटायला बसले.
खडखड ऐकू आलं म्हणून वर बघितलं. स्वयंपाकघराच्या दारावरून ठमी चालली होती, मागून गंजक्या स्क्रूंतून निघालेली नंबराची पाटी फरफटत. फाटकाशी मामंजी उभे. त्यांनी तिला अडवलं, उचललं, पाटीपण उचलली. बराच वेळ पाटी पुसत राहिले. मग हसायला लागले.
म्हणाले, सूनबाई, तू आल्यापासून पहिल्यांदा ह्या गाडीचं काहीतरी फाटकापर्यंत पोचलं.