अडतीस आपणहून येतो

३ जानेवारी २०२५, शुक्रवार
नवीन वही. संकल्प एकच: यंदा आकड्याचं ऐकायचं. माणसांचं ऐकून छप्पन्न वर्षं वाया गेली.
पुरावे: दहावीला गणितात मार्क ३८. पास. नोकरीच्या यादीत नंबर ३८. लागलो. काल बँकेत टोकन ३८, आणि सर्व्हर डाऊन असूनही काम झालं. योगायोगाला पण काही लिमिट असते.

६ जानेवारी, सोमवार
शास्त्रीय पद्धतीने तपासायचं ठरवलं. घरापासून ऑफिसपर्यंत चालत गेलो. रस्त्यात ३८ दिसला की वहीत रेघ. एकशे चौदा रेघा! भागाकार केला. अडतीस त्रिक एकशे चौदा. अंगावर काटा आला.
शिपाई ग्यानबाला सांगितलं. तो म्हणे, साहेब, आपल्या जिल्ह्याच्या समद्या गाड्यांवर एमएच अडतीसच असतंय की, पासिंगच हाय ते. घरी पद्मजानेही तेच ऐकवलं. बायको असून ग्यानबाच्या पार्टीत. ठीक आहे. मग मला सांगा, छत्तीस जिल्ह्यांतून हा आकडा हिंगोलीलाच काहून दिला? तो चहा आणायला गेला, ही कणीक मळायला लागली. उत्तर नसलं की माणसं कामाला लागतात.

१२ जानेवारी, रविवार
आमच्या जान्हवीला बघायला नांदेडची मंडळी आली. बघणं नावालाच. तिचं आणि पुष्करचं कॉलेजपासून ठरलेलं आहे, हे मला सोडून सगळ्या गल्लीला माहीत होतं. मुलगा चांगला. कॉलेजात शिकवतो, पोहे पुन्हा मागून घेतले, वाकून नमस्कार केला. मनातून मी हो म्हटलंच होतं. पोचवायला दारात गेलो आणि त्यांची गाडी दिसली. एमएच २६.
आत येऊन सांगितलं, हे स्थळ नको.
जान्हवी म्हणाली, बाबा, नांदेडची गाडी आहे, तिच्यावर दुसरं काय असणार? म्हणालो, ते मला विचारू नको. ती रडली. मलाही फार वाईट वाटलं. पण बाप म्हटलं की पाय रोवून उभं राहावं लागतं.

१९ जानेवारी, रविवार
घरात अबोला. चहा स्वतः करून घेतो. साखरेचा डबा सापडत नाही. बिनसाखरेचा तब्येतीला चांगलाच. माघार नाही म्हणजे नाही.

२० जानेवारी, सोमवार
जान्हवी कागद घेऊन आली. २६ मध्ये तिची जन्मतारीख १२ मिळवली की बराबर ३८! म्हणालो, अगं, हे आधी नाही का सांगायचं? आठ दिवस सगळ्यांना उगीच तकलीफ. पोरगी गळ्यात पडली. बुद्धीने माझ्यावरच गेली आहे.
साखरपुडा ९ फेब्रुवारी, नांदेड, मुहूर्त ११.४५. पद्मजा म्हणाली, सुटले बाई.

४ फेब्रुवारी, मंगळवार
मेहुणा सुधाकर परभणीहून त्याची गाडी आणणार. एमएच २२. पोरीच्या साखरपुड्याला बापाने बाविसात बसून जायचं? जाहीर केलं, तुम्ही व्हा पुढे, मी माझा येतो. पद्मजा म्हणाली, मग शेजारच्या उत्तमसिंगची जीप सांगून ठेवा, ती अडतीसच आहे. बत्तीस वर्षं संसार केला, पण हिला मुद्दा म्हणून कळत नाही. बुक केलेला ३८ चालत नाही. तो आपणहून यावा लागतो.
शेवटी तिने हात जोडले. म्हणाली, एवढा एक दिवस वेळेवर या, मुलाला टिळा तुम्हीच लावायचाय. म्हणालो, साडेअकराला दारात उभा असेन. लिहूनच ठेवतो: साडेअकरा.

९ फेब्रुवारी, रविवार. सकाळी ७.१०
एसटी स्टँड. नवा सदरा. मंडळी पुढे गेली. जान्हवी गाडीतून मान काढून ओरडत होती, बाबा, नक्की या हं.

७.४०
नांदेड गाडी. एमएच २०. सोडली.

८.१५
पुन्हा नांदेड. एमएच १४. सोडली. कंडक्टर म्हणाला, काका, एसटीवर अडतीस शोधून राहिले का? आमच्या गाड्यांचं पासिंग बाहेरचं असतंय. लोकांना फुकट ज्ञान द्यायची फार हौस.

९.०५
एमएच ४०. मोकळी, खिडकीची जागा. मोह झाला. सोडली.

९.२०
आला! काळीपिवळी जीप, एमएच ३८, थेट माझ्यासमोर थांबली. कुठे जाते विचारणं म्हणजे अविश्वास. बसलो.

१०.३०
औंढा नागनाथ. जीप इथपर्यंतच. ड्रायव्हर म्हणे, मी औंढा औंढा ओरडूनच राहिलो होतो की. हरकत नाही. देवाने बोलावलं असेल. बाहेरूनच हात जोडले.

११.१०
इथून नांदेड गाडी. एमएच २०. एक पाय पायरीवर ठेवला. उशीर झाला असता, पण पोचलो असतो. उतरलो. इतकं जपलेलं शेवटच्या तासात घालवायचं?

११.४५
रसवंतीच्या बाकड्यावर. फोन वाजून राहिला. पद्मजा. सात वेळा. उचलला नाही. उचलून सांगणार काय?

संध्याकाळी ६
एसटीनेच परत आलो. नंबर बघितला नाही.
मंडळी आत्ता आली. टिळा सुधाकरने लावला. पद्मजा सरळ आत साडी बदलायला गेली. भांडली असती तर बरं झालं असतं, माझे मुद्दे तयार होते. जान्हवीने माझं ताट डब्यात भरून आणलं होतं, जिलबी वेगळी बांधून. विचारलं, लोक काय म्हणाले? ती म्हणाली, काही नाही. सकाळी बाबांना एकदम ताप भरला, असं मी सांगितलं.

७.१५
पुष्करच्या वडिलांचा फोन. फार काळजीत होते. ताप उतरला का, डॉक्टरला दाखवलं का, काही लागलं तर रात्री-बेरात्री हाक मारा. जान्हवी समोर उभी होती. मी म्हणालो, आता बरं आहे, थोडा अशक्तपणा आहे.
आणि जरा खोकलो.