अकोल्याचा फोन

८ जाने. २००६, रवि.
स. दहाला सायबर कॅफेत. रफिकभाईने कोपऱ्यातलं मशीन राखून ठेवलं होतं, न सांगता. बरं आहे, बोलावं लागत नाही. ईमेलच्या गटात आज चारच पत्रं. अकरा जण होतो! बाकीचे त्या नव्या फोटोंच्या साइटवर. तिकडे म्हणे दोन ओळी टाकायच्या नि पसार. शिंचे. सुधाकरकाकांचं अकोल्याहून मात्र नेहमीसारखं लांबलचक. छातीत जड वाटतं, बुधवारी डॉक्टरकडे जाणार म्हणतात.

१५ जाने., रवि.
काकांचं पत्र नाही. चार वर्षांत त्यांचा एक रविवार चुकला नव्हता. गट त्यांनीच काढला, आम्हा तोतऱ्यांसाठी. इथे कुणी आमचं वाक्य मध्येच तोडत नाही. छे, येईल उद्या.

१९ जाने.
ऑफिस सुटल्यावर पुन्हा कॅफे. काही नाही. गटात सगळ्यांना विचारलं, काकांचा पत्ता? फोन? कुणाकडेच नाही. नियम आमचाच: नंबर मागायचा नाही, द्यायचा नाही. फोन म्हटला की सगळेच मागे सरतात. काकांना वांगं आवडत नाही, सून त्यांचं वाक्य पुरं करते तेव्हा ते ताटावरून उठतात, हे ठाऊक. गल्ली कोणती, ठाऊक नाही. डोंबलाची आमची मैत्री!

५ फेब्रु., रवि.
गटातल्या कोल्हापूरच्या मीनाने काका पूर्वी नोकरीला होते त्या शाळेला पत्र घातलं होतं, नाव त्यांच्याच एका पत्रात सापडलं. तिथून घरचा नंबर आला. लिहिते, "तीनदा फिरवून ठेवला. माझ्याने नाही होत. तू कर ना रे." मी! साहेबांनी नाव विचारलं तर कागदावर लिहून देणारा मी.

७ फेब्रु.
बूथवरून केला. बाईने उचलला. "हॅलो, कोन?" सूनच असणार. माझं तोंड उघडं, आवाज शून्य. "काहून त्रास देता जी? इथं आमचं काय चालू हाय अन् तुम्हाले मस्करी सुचते!" आदळला. रात्री जेवलो नाही. आई विचारत राहिली. काय चालू आहे तिकडे? काय?

८ फेब्रु.
रफिकभाईला कागदावर लिहून सांगितलं. म्हणाला, "अरे आगाशे, दे इकडे नंबर, मी बोलतो की." नको म्हटलं. काकांनी घरी गटाबद्दल सांगितलेलं नाही. "माझी एवढीच एक जागा आहे," असं लिहिलं होतं एकदा. परक्याने काय म्हणून विचारायचं? हे कारण खरं आहे. उत्तराची भीती वाटते, तेही खरं.

१२ फेब्रु., रवि.
गटात एकच पत्र, मीनाचं. "केलास का?" आता तीही त्या साइटवर चालली. इथे वाट बघवत नाही म्हणते.

दु. बूथ. या वेळी उचलला, पण हॅलो नाही. नुसता श्वास. मी पहिल्याच अक्षराला अडकलो. तिकडूनही काही नाही. बराच वेळ तसंच. मला धीर निघेना, ठेवून दिला. रस्त्यावर आल्यावर डोक्यात आलं, तो श्वासही माझ्यासारखाच पहिल्या अक्षराला अडकत होता. मेल्या, आयुष्यभर लोकांनी तुझा फोन असाच ठेवला, आणि तू...

परत आत गेलो. पाच वेळा फिरवला. घंटा वाजतेय. कुणी उचलत नाही.