जात्यावरची चार नावं

आणि कडूबा शाळेचे पैसे घेऊन पळाला, असं जे महादेवराव दोन वर्षांपासून पारावर बसून सांगून राह्यले, ते आधी खोडतो, मग मृत्युपत्र लिहितो. पैसे घेऊन पळणारा माणूस नांदुऱ्यापर्यंत एसटीत उभ्याने जात नाही. मी उभा गेलो, कंडक्टर साक्षीला आहे, त्याच्या पायावर माझा पाय पडला होता.

कोकिळे, हा कागद तुझ्या नावाने पाठवला तो एवढ्यासाठी की तू तो आखाजीच्या सणाला पारावर उभी राहून मोठ्याने वाचावा. आपला थोरला वामनभाऊ म्हणेल, पोरीच्या जातीनं पारावर कायले वाचाव, आण मी वाचतो. त्याला देऊ नको. तो जोडाक्षर आलं की खोकतो. तू चौथीत पहिली आलीस, सगळ्यांना ऐकू दे.

मायला आधीच सांग की मला काही झालेलं नाही. रडू नको म्हणावं.

लिहून ठेवणार कडूबा वल्द अर्जुनराव पडघान, वय वर्षे एकवीस, शिक्षण चौथी, धंदा फंड जमा करणे, मूळ राहणार जानेफळ, तालुका मेहकर, जिल्हा बुलडाणा, हल्ली मुक्काम अहमदाबाद. मी पूर्ण शुद्धीवर आहे. ताप नाही, दारू घेतलेली नाही, कोणी धाक घातलेला नाही. माणिकराव समोर बसून दाढी करून राह्यले आणि त्यांच्या हातात वस्तरा आहे, पण तो धाक नाही.

एकविसाव्या वर्षी मृत्युपत्र काऊन, असं पारावर कोणी विचारील, म्हणून खुलासा. मी इथल्या पांजरापोळीत, म्हणजे लंगड्या-म्हाताऱ्या जनावरांच्या आश्रमात, वर्गणी मागायच्या कामावर आहे. हे माणिकराव आपल्याच जिल्ह्यातल्या धाडचे. वीस वर्षांपासून इथले मुख्य फंडवाले आहेत. मी नांदुऱ्याहून भुसावळचं तिकीट काढलं होतं, भुसावळला झोप लागली, पुढे गाडीही बदलली आणि शहरही. दोन दिवसांनी अहमदाबादच्या रस्त्यावर एका हातगाडीला धडकलो, तेव्हा मागून आवाज आला, "काऊन बे, डोये घरी ठेवले काय?" बोली आपली, माणूस माणिकराव. मी तिथंच त्यांचे पाय धरले. नोकरी अशी लागली.

यंदा पांजरापोळीनं ठरवलं की फंडवाल्यांना शिकवून पक्कं करायचं. दर रविवारी वैरणीच्या कोठारात वर्ग भरतो, आम्ही सहा जण पेंढ्यांवर बसतो आणि माणिकराव शिकवतात. जो पास होईल त्याला पंचवीस रुपये पगारवाढ आणि मोठ्या पेढ्यांवर जायची मुभा. मला वाटलं होतं, मागायला काय शिकायचं? हात पुढे करायचा. पण त्यात लय काही आहे. पैसे मागायचे नाहीत, वस्तू मागायची: एका गाईची एका दिवसाची वैरण. आपण आधी दिल्याशिवाय दुसऱ्याला मागायचं नाही. मागून झालं की तोंड मिटायचं, समोरचा बोलेपर्यंत आपण बोलायचं नाही. हा धडा मी एका कापडवाल्या शेठवर करून पाहिला. मी मागितलं आणि गप्प बसलो, शेठही गप्प बसले, आणि थोड्या वेळाने घोरायला लागले. मी दीड तास बसलो. जागे झाल्यावर मला तिथंच पाहून इतके दचकले की दोन महिन्यांची वैरण दिली.

सातवा धडा मृत्युपत्राचा. म्हाताऱ्या शेठजींना सांगायचं की शेठ, आपल्या मृत्युपत्रात आमच्या गाईंसाठी एक ओळ टाका. माणिकराव म्हणाले, ज्यानं स्वतःचं लिहिलं नाही, त्यानं दुसऱ्याच्या मरणाचं बोलू नये. म्हणून आम्हा सहाही जणांना आपापलं मृत्युपत्र खरं, सही-साक्षीसकट लिहायचं आहे, आणि त्यात एक तरी वस्तू पांजरापोळीला द्यायची आहे. तीच परीक्षा.

आता माझी मिळकत आणि तिची वाट.

कलम एक. घरातला माझा जो वाटा आहे, म्हणजे रस्त्याकडची खोली, ती माझी माय सरस्वतीबाई हिला. वामनभाऊने तिथे कडब्याच्या पेंढ्या रचल्या आहेत असं पत्रावरून कळलं. त्या काढाव्या. माय काही म्हणणार नाही, म्हणून मी म्हणतो.

कलम दोन. अंगावरचा खाकी कोट पांजरापोळीला. तो मुळात त्यांचाच आहे, कामावर लागताना मिळाला. माणिकरावांनी हे वाचून माझे पाच मार्क कापले.

कलम तीन. टिनाचा भोंगा, जो मी वर्गणीची नावं पुकारायला मेहकरहून करून आणला होता आणि आमच्या गोठ्याच्या आढ्याला टांगला आहे, तो महादेवरावांना. माझी बदनामी करताना आताशा त्यांचा घसा बसतो असं ऐकतो. भोंग्याने ती खालच्या आळीपर्यंत आरामात पोचेल.

कलम चार. माझी काळी छत्री किराणा दुकानदार पंजाबरावांना. ती त्यांच्या दुकानात राहिली होती. दोन पावसाळे ते वापरतच आहेत, आता हक्काने वापरावी. तिची एक काडी निघालेली आहे, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत असेल.

कलम पाच. शेषरावमामांना माझं लग्न. मामांना आमच्या घरात एक लग्न उरकायची फार घाई झाली आहे आणि त्यांनी कोकिळेसाठी नांदुऱ्याचा पोरगा पाहून ठेवला आहे. पोरगी बारा वर्षांची आहे, मामा. लग्नाचा मी आहे. त्यांनी माझ्यासाठी खुशाल पोरी पाहाव्या, मी हरकत घेणार नाही. एवढंच की कोकिळेला सोडावं.

या कागदात महादेवरावांचं नाव आधी आलं, म्हणून पंजाबरावांनी किंवा मामांनी उठून जाऊ नये. महादेवरावांनी मला शिव्या जास्त दिल्या, एवढ्यासाठी ते आधी आले.

आता जे खरं आहे ते. इथून पुढे कोकिळे, सावकाश वाच.

आपल्या गावात शाळा चौथीपर्यंत. पाचवीला मंजुरी आली, मास्तरही द्यायला तयार, फक्त खोली गावाने बांधायची. भिंती झाल्या. वरच्या टिनांसाठी वर्गणी जमवायचं काम मी आपणहून घेतलं, कारण मला वाटे मला बोलता येतं. महादेवराव देईनात. मी म्हणालो, काका, शाळेच्या दगडी पाटीवर पहिलं नाव तुमचं. लगेच कमरेची पिशवी सुटली. मला वाटलं, हे औषध चांगलं आहे. तेच पंजाबरावांना पाजलं. तेच मामांना पाजलं. तिघांनाही वर सांगितलं की इतक्यात कोणाजवळ बोलू नका, आणि तिघेही बोलले नाहीत. एवढा गुप्तपणा या गावात तेवढा एकदाच झाला.

मग पाथरवट आला. पारावर पाटी आडवी ठेवली, गेरूने रेघ मारली आणि म्हणाला, "पह्यलं नाव सांगा."

तिघेही एकदम म्हणाले, "लिही."

मग तिघांनी एकमेकांकडे पाहिलं, आणि मग माझ्याकडे. महादेवराव म्हणाले, "कडूबा, तू मले काय म्हणला होता?" पंजाबराव म्हणाले, "मले बी तेच म्हणला होता." मामांनी फक्त टोपी काढून झटकली आणि पुन्हा घातली, आणि आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे की मामांनी टोपी झटकली की सहा महिने बोलणं बंद. पाथरवट बिचारा म्हणाला, मी दुसऱ्या नावापासून सुरू करू काय? तर दुसरं नाव व्हायला कोणी तयार नव्हतं.

त्याच जागी तिघांनी आपापले पैसे परत मागितले आणि त्याच जागी मी ते लाल फडक्यातून मोजून दिले. हे गावाने पाहिलं आहे. महादेवराव, तुम्ही दोनदा मोजून घेतले.

पण खोटं बोलायचं नाही. पाच अधेल्या मी नेल्या. त्या तानाबाईंच्या. तानाबाई बाजारात वांगी विकतात, त्यांनी न मागता अडीच रुपये दिले होते. मी परत द्यायला गेलो तर म्हणाल्या, "देल्लं ते देल्लं, बाबू. मी परत घेत नाई. खोली झाली की लाव."

"आन झालीच नाई तं?"

"मंग तुह्यापाशीच राहू दे. तुले टोचत राह्यतीन."

टोचल्या. सुरतेला एक दिवस उपाशी काढला, पण रुमालाची गाठ सोडली नाही. म्हणून जे कोणी म्हणतं कडूबा पैसे घेऊन पळाला, ते अडीच रुपयांपुरतं खरं आहे. बाकीचा मी लाजेने पळालो.

या वर्गात तिसरा धडा होता: एक वचन एकाच माणसाला. माणिकराव तो सांगत होते तेव्हा मी वैरणीत सुई शोधल्यासारखा खाली पाहत होतो. त्यांनी विचारलं, काय हरवलं बे? मी म्हणालो, काही नाही.

कोकिळेने पत्रात लिहिलं आहे की जूनमध्ये शाळा उघडायच्या आत खोलीवर टिन पडली नाहीत, तर पाचवीची मंजुरी दुसऱ्या गावाला जाते. तसं झालं तर ती घरी बसते, आणि घरी बसली तर मामांचा नांदुऱ्याचा पोरगा तयारच आहे. मी जे तोंडाने मोडलं त्याची किंमत ही पोरगी भरून राह्यली. म्हणून,

कलम सहा. वडिलांच्या वाटणीत मला आलेलं डाळ भरडायचं मोठं जातं, जे गोठ्याच्या दाराशी उपडं पडलं आहे आणि ज्यावर वामनभाऊ बसून दात घासतो, ते मी शाळेला देतो. पाथरवटाला बोलवावं. जात्याच्या वरच्या गोल दगडाच्या कडेवर चार नावं कोरावी: महादेवराव, पंजाबराव, शेषराव, तानाबाई. गोल दगडाला पहिलं नाव नसतं, शेवटचंही नसतं. ही अक्कल मला पांजरापोळीच्या गोल हौदाने शिकवली. त्याच्या काठावर चौदा शेठांची नावं आहेत आणि चौदाही जण आपल्या पाव्हण्यांना हौद आपल्या नावापासून वाचून दाखवतात.

आता महादेवराव विचारतील, दारासमोर कोणाचं नाव येईल? मला ठाऊक होतं. म्हणून जातं खुंट्यावर बसवून दाराशी ठेवावं, आणि दर शनिवारी शाळा सुटताना पाचवीच्या पोरींनी ते पाव फेरा फिरवावं. दर आठवड्याला एक नाव दारासमोर. तिथीचा वाद झाला तर मास्तरांचं कॅलेंडर प्रमाण. आपल्या पाळीच्या आधी कोणी जातं हलवताना दिसला तर त्याची पाळी गेली.

तानाबाई म्हणतील, माझं नाव कशाला, मला वाचता येत नाही. त्यांना सांगावं, पोरी वाचतील.

कलम सात. हे मृत्युपत्र माझ्या हयातीतच, येत्या जूनच्या आत अमलात यावं. यावर माणिकरावांचं आणि माझं भांडण झालं. ते म्हणाले, "मृत्युपत्र मेल्यावर लागू होते बे."

मी म्हणालो, "मंग मले मराले लय वर्षं लागतीन. तवरक कोकिळा आजी होऊन जाईन."

"तं हे मृत्युपत्र नाई. ही वर्गणी आहे."

"तुम्हीच तं शिकवली."

त्यांनी वस्तरा खाली ठेवला आणि कागद पुन्हा पहिल्यापासून वाचला. गालावरचा साबण वाळला. मग म्हणाले की कायद्याने हा कागद चुकीचा आहे, म्हणून मी या वर्गात नापास, पगारवाढ नाही, पुढल्या वर्षी पुन्हा बस. आणि साक्षीदाराची सही कुठे करू ते विचारलं.

कलम आठ. खोलीला बारा पत्रे लागतात. पैसे मागत नाही. महादेवराव, पंजाबराव आणि शेषरावमामा, मी तुम्हा तिघांना एकदमच मागतो: दोन-दोन पत्रे द्या. उरलेले सहा माझे.

कोकिळे, इथं कागद खाली घे आणि तोंड मिट. कोणाकडे हसून पाहू नको, रडू तर अजिबात नको. फक्त उभी राहा. खोकला बोलण्यात धरायचा नाही. टोपी झटकली तर तेही बोलण्यात नाही. तिघे बोलल्याशिवाय पुढची ओळ वाचायची नाही, मग अंधार पडला तरी चालेल. मी दीड तास बसलो होतो, तू जिद्दीने माझ्यापेक्षा वरचढ आहेस.

बोलले असतील तर वाच.

वरील मजकूर मी स्वतःच्या हाताने लिहिला, चुका माझ्या आहेत.

सही: कडूबा अर्जुनराव पडघान

साक्षीदार पहिला: माणिकराव, मूळ राहणार धाड. मजकूर वाचला. उमेदवार नापास. जातं फिरवायची युक्ती आमच्या हौदालाही लावावी म्हणतो.

साक्षीदार दुसरी: पुष्पाबाई, माणिकरावांच्या घरच्या. निशाणी डाव्या हाताचा अंगठा. ऐकून घेतलं, आणि म्हणाल्या की पोरीला माझा आशीर्वाद लिही. लिहिला.

मुक्काम अहमदाबाद, रविवार, तारीख १९ एप्रिल १९६४.

उद्या पोस्ट उघडलं की मनीऑर्डर करतो, कोकिळेच्या नावाने, सही तिनेच करावी, अंगठा नाही. जुन्या सायकलीसाठी साठवलेल्यातून सहा पत्र्यांचे एकशे आठ, आणि खिळ्यांसाठी तानाबाईंच्या त्याच पाच अधेल्या, गाठ सोडून: एकूण रुपये एकशे दहा, पैसे पन्नास.