परीक्षेच्या खोलीतली दुसरी व्यक्ती

नाशिक,
ता. २० जानेवारी २०२५

ती. सौ. सरिताताईस,
महेशचा शि. सा. न. वि. वि.

फोनच केला असता, पण तुझा फोन कायम स्पीकरवर आणि आई कायम शेजारी. म्हणून हे पत्र मुद्दाम तुझ्या अंगणवाडीच्या पत्त्यावर पाठवतो आहे. घरी नेऊ नकोस.

आई माझ्याकडून ठरल्याआधीच गावी परतली. मला म्हणाली की द्वारका चौकातल्या गाड्यांच्या आवाजाने डोळ्याला डोळा लागत नाही. तुला काय सांगितलं ते कळव.

पदवीशिवाय मला कारकुनाच्या खुर्चीतून वर सरकता येणार नाही, हे तुला ठाऊकच आहे. नोकरी सांभाळून ऑनलाइन शिकलो आणि शेवटच्या पेपरपर्यंत आलो. पेपर घरूनच द्यायचा, पण लॅपटॉपचा कॅमेरा सारखा आपल्यावर. बोलायचं नाही, मान वळवायची नाही, खोलीत दुसऱ्या कुणी यायचं नाही. आईला मी एवढंच सांगितलं होतं की माझा पेपर आहे. ती दोनदा चहाचं विचारायला आली, मी हूं की चूं केलं नाही. पोरगा डोळे ताणून एकीकडे बघत बसलाय, हाकेला ओ देत नाही, म्हणजे नक्की नजर लागली, असं तिने ठरवलं. मीठ-मोहरी घेऊन थेट आत आली आणि पुटपुटत माझी दृष्ट काढली. तू हसशील. मीही हसलो असतो.

दुसऱ्याच दिवशी विद्यापीठाचा मेल आला की खोलीतली दुसरी व्यक्ती कोण आणि ती काय सांगत होती. घरचं माणूस म्हटलं तर उत्तरं सांगत होतं असं धरतील, म्हणून मी लिहून टाकलं की ती घरकामाला येणारी बाई आहे. पण ताई, तुझ्यापासून काय लपवू? नुसती भीती नव्हती. आईचं ते गुडघ्यापर्यंतचं लुगडं, कपाळावरचं गोंदण, हे बघणाऱ्या साहेब लोकांना ती माझी आई आहे असं सांगायला मी लाजलो.

आता त्यांनी पुढच्या आठवड्यात गुरुवारी व्हिडिओवर चौकशी ठेवली आहे आणि त्या बाईलाही हजर ठेवा म्हणतात. नाहीतर पेपर रद्द, आणि मार्चमध्ये लागणाऱ्या बढतीच्या यादीतून मी बाहेर. आईला तू समजावशील का? मला तोंड नाही.

रागाव हवी तेवढी, पण माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा,
महेश


ता. पेठ,
२४ जानेवारी

चि. महेशला,
ताईचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र खिचडी शिजत असताना वाचलं आणि खिचडी करपली. लेकरांनी तशीच खाल्ली, ते पाप तुझ्या माथी.

मी आईला अवाक्षर सांगणार नव्हते. पण तोंड पाडून घरी गेले आणि तिनेच विचारलं की महेशच्या कामवाल्या बाईचं काय झालं. अरे, तुला टाइप करायचा कंटाळा, तू फोनला बोलून लिहितोस ना? तो मेलही तसाच लिहिलास, एकेक शब्द तोडून, ठणठणीत आवाजात. आई आत तुझ्यासाठीच भाकरी थापत होती. मलाही तिने गाड्यांच्या आवाजाचंच सांगितलं होतं; बरं निमित्त सापडलं तिला.

मी तुला चार शिव्या दिल्या तर ती माझ्यावरच डाफरली. पेपरात मीच घुसले, पोराचं मीच बिघडवलं, तर निस्तरायलाही मीच जाणार, असं म्हणाली. आता मला विचारत बसते की शहरातल्या कामवाल्या मालकाला काय म्हणतात, दादा की साहेब. आज चूल सारवताना एकटीच साहेब, साहेब म्हणून बघत होती. मला ते ऐकवेना, मी बाहेर निघून गेले.

बुधवारी पहिल्या एसटीने ती निघेल. स्टँडवर तिला घ्यायला जा. निदान तिथे तरी चार लोकांत तिला आई म्हणून हाक मार.

माया आटत नाही, हीच तर माझी अडचण आहे.

सरिताताई


नाशिक,
३ फेब्रुवारी

ती. सौ. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

स्टँडवर मी आईला मोठ्याने हाक मारली. खरं काय ते सांगून टाकणार आहे, असंही रिक्षात सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि नागलीचं पीठ आणलंय, पापड तू कुठून घेतोस, असलं काहीतरी बोलत राहिली.

चौकशीला पडद्यावर एक सर आणि एक मॅडम होत्या. मी तोंड उघडायच्या आत आईच बोलू लागली. मी भांडी घासायला येते, साहेब हलेनात म्हणून घाबरले, मला लिहिता-वाचता येत नाही, असं तिने न अडखळता सांगितलं. मॅडमनी मला विचारलं की हे खरं आहे का. नाही एवढंच म्हणायचं होतं, ताई. मी हो म्हणालो. अशी जीव लावणारी बाई आजकाल मिळत नाही, तिला सांभाळून ठेवा, असं मॅडम म्हणाल्या आणि पेपर मान्य झाला.

लॅपटॉप मिटला तर आई शेजारी नव्हती. मोरीत बसून भांडी घासत होती, धुतलेलीसुद्धा पुन्हा घासत होती. देवापुढे खोटं ठरायला नको, म्हणाली. मी पाय धरले, विद्यापीठाला आत्ता खरं कळवतो म्हणालो, तर साबणाचा हात तसाच वर करून तिने मला स्वतःची शपथ घातली. एवढं बोलले ते पाण्यात घालू नकोस म्हणाली. शपथ मोडायची की पाळायची, हेही मला अजून ठरवता आलेलं नाही, आणि बढतीचा विचार मनातून पूर्ण गेलाय असंही म्हणवत नाही. एवढा मी खाली आलो आहे.

निघताना मी तिला म्हटलं की पदवी मिळेल त्या दिवशी तू नवी साडी नेसून पहिल्या रांगेत बसायचं. ती हरखली. मग तिने विचारलं की त्या मॅडम तिथे असतील का. असतील बहुतेक, म्हणालो. त्यावर तिने, राग नाही, टोमणा नाही, अगदी साधेपणाने विचारलं की मग मी तिथे कोण म्हणून बसू.

तेवढ्यात एसटी सुटली. लोभ असू दे असं लिहायला हात धजत नाही, तरी लिहितो.

महेश