रोडोबाचा मुक्काम

४ सप्टेंबर
आज परत तेच! लेकीचा फोन — "आई, खालची खोली रिकामी आहे, मागे अंगण आहे, गुडघ्यांना जिना नको. या ना दोघं इकडेच राहायला." मी तोंड उघडायच्या आत ह्यांनी फोन घेतला. "येऊ गं, पण झाडाचं काय करू? ते काही हलणार नाही." झालं. विषय संपला!

झाड म्हणजे अंगणातलं र्‍होडोडेंड्रॉन, लाल फुलांचं. अठरा वर्षांचं, ह्यांच्या डोक्याच्या वर गेलेलं. नाव घेताना माझी जीभ अडखळते, म्हणून मी रोडोबा म्हणते. ह्यांना ते आवडत नाही. म्हणून तर म्हणते.

६ सप्टेंबर
रोडोबाला नळाचं पाणी चालत नाही. त्यात चुना असतो म्हणे. पिंपात साठवलेलं पावसाचंच लागतं. मला लग्नापासून नळाचंच चालतंय — कोणी विचारलंय?

११ सप्टेंबर
माझं चुकलं. कबूल. फेकायची कशाला म्हणून अंड्यांची टरफलं कुटून महिनाभर रोडोबाच्या बुडाशी घालत होते. पानं पिवळी पडली, नुसत्या शिरा हिरव्या. ह्यांनी माती जराशी बाजूला केली आणि ओरडलेच — "अगं, टरफलं म्हणजे चुनाच की!"

दिवसभर अबोला. हे दिवसभर एकेक तुकडा वेचत बसले, तोही माझ्या भुवयांच्या चिमट्याने! मग पाइनची वाळकी पानं पसरली, वर पावसाचं पाणी. मी चहा नेऊन ठेवला. घेतला. म्हणजे मिटलं.

१९ सप्टेंबर
पानं दाखवायला रोपवाटिकेतल्या बाईंना बोलावलं. सुधारेल म्हणाल्या. मी सहज विचारलं, "एवढं मोठं झाड दुसरीकडे नेता येतं का हो?"

"न यायला काय झालं? ह्याची मुळं खोल जातच नाहीत. पायपुसण्यासारखी वरच्यावर पसरतात. मातीसकट गोणपाटात बांधायचं, चार माणसं आरामात उचलतील. पुढच्या महिन्यात काढा."

मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे बुटाची नाडी बांधत होते. बराच वेळ बांधत होते. अठरा वर्षं सेवा केली आणि मुळं कुठवर गेलीत ते ठाऊक नाही! बरे सापडले! मी लगेच लेकीला कळवून टाकलं. पोरगी आनंदाने किंचाळली.

२७ सप्टेंबर
आवराआवर सुरू केली. म्हणजे करणार होते. आधी कपाटं पुसून घ्यावीत म्हटलं.

५ ऑक्टोबर
लेकीने खोलीचा फोटो पाठवला. छान आहे. खिडकी मात्र भिंतीकडे उघडते. आपलं टेबल मावणार नाही बहुतेक. आणि दाराशी तीन पायऱ्या आहेत. इथल्या चौदांपुढे तीन म्हणजे काहीच नाही, पण आहेत ना!

हे म्हणाले, "मग काय करायचं?"

"तुमच्या रोडोबाचं बघा. मी एका पायावर तयार आहे." दुसरा दुखतो, ते वेगळं.

हे हसले. हसण्यासारखं काय होतं?

१२ ऑक्टोबर
चार माणसं उद्या येणार. ह्यांनी झाडाभोवती दोरीने गोल आखलाय. किती शांतपणे आखला! मला वाटलं होतं, आकांडतांडव करतील.

सकाळपासून मी तीनदा रडले. झाडासाठी नाही. पातेली कागदात गुंडाळताना. ह्यांनी विचारलं तर म्हटलं, डोळ्यांत धूळ गेली.

१३ ऑक्टोबर
सकाळीच लेकीचा फोन. "आई, झाड हलवता येतं हे बाबांना पहिल्यापासून माहीत होतं. काल मी खोदून खोदून विचारलं तेव्हा बोलले. म्हणाले, तुझ्या आईचा पाय ह्या घरातून निघणार नाही, आणि तुला नाही म्हणणं तिला जमणार नाही. म्हणून मी आपलं झाड पुढे करत होतो."

चौघं फावडी घेऊन फाटकाशी आले तेव्हा मीच पुढे झाले. म्हटलं, "झाडाचं काही नाही हो. मलाच जायचं नाहीये."